बार्बेरा आणि लसणाचं भांडं

"...आणि या वाइनबरोबर ताटात काय हवं?" फादर सेव्हेरोंनी विचारलं.

मृणालने पेला नाकाशी नेला. डोळे मिटले.

"वासराचं भाजलेलं मांस. नाहीतर जुनं, मुरलेलं चीज. चेरीचा वास आहे, आलुबुखाराचा आहे. मागून ओल्या मातीचा."

उत्तर इटलीतल्या पिएमाँत प्रांतात, टेकडीवरच्या मठात, फादर सेव्हेरो तरुणपणापासून बार्बेरा ही तांबडी वाइन करत आले होते. मृणाल नाशिकहून तिथल्या एका शाळेत वाइन पारखायला शिकायला आलेली, आणि सरावाला फादरांकडे यायची. वर्गात तिच्या नाकाचा दबदबा होता, आणि तो तिला आवडायचाही. परीक्षा आता तोंडावर आली होती.

फादरांनी स्वतःचा पेला हुंगला. पुन्हा हुंगला.

मग ते उठले, खिडकीपाशी गेले आणि पेला बाहेर रिता केला.

"काय झालं?"

"बूच सडकं निघालं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय."

मृणालचा हात तसाच अधांतरी राहिला.

"मुद्दाम दिलीत मला?"

"नाही गं. मलाही आत्ताच कळलं."

...

अंगणात कुणीतरी द्राक्षांच्या रिकाम्या पाट्या धूत होतं.

"मला वास येत नाही, फादर," ती म्हणाली. "मध्यंतरी ताप आला होता, तेव्हापासून गेलाय. कशाचाच येत नाही."

"मग चेरी?"

"पाठ आहे. बाटलीवरचं नाव वाचते आणि घडाघडा म्हणते. रोज वाटतं, आज पकडली जाणार."

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"तुम्हाला. आत्ता."

आणि तिला रडू फुटलं. फादर बसून राहिले.

"परत येईल का वास?" तिने नाक पुसत विचारलं.

"मला नाही ठाऊक."

"आणि परीक्षा?"

"उद्या शाळेत जाऊन सांगू. मी येतो बरोबर... भूक लागलीय?"

लागली होती. कित्येक दिवसांनी लागली होती.

खाली स्वयंपाकघरात द्राक्षतोडणी संपल्याचं जेवण चाललं होतं. टेबलाच्या मधोमध, मंद आचेवर, एक मातीचं भांडं. त्यात ऑलिव्हच्या तेलात शिजून विरघळलेला ढीगभर लसूण आणि खारवलेली बारीक मासळी. तिकडे त्याला बान्या काउदा म्हणतात. मठवासी आणि तोडणीचे मजूर, सगळे त्या एकाच भांड्यात ढोबळी मिरची नि कोबीची पानं बुडवून खात होते.

मृणालने आजवर त्याला हात लावला नव्हता. लसणाने जीभ बिघडते, असं ती इतरांना ऐकवायची.

एका म्हाताऱ्या मठवाशाने सरकून तिला बाकावर जागा दिली.

फादरांनी दुसरी बाटली उघडली, हुंगली, समाधानाने मान हलवली आणि तिचा पेला भरला.

"आधी खा. मग पी. मग सांग."

तिने मिरचीची फोड बुडवली, तोंडात टाकली. हनुवटीवर तेल ओघळलं. घोट घेतला.

तिने हाताच्या पाठीने हनुवटी पुसली.

"खारट... गरम," ती म्हणाली. "तेलाने तोंड माखलं. मग ही वाइन आली, आंबट, आणि तोंड धुऊन निघालं. आता लगेच पुढचा घास हवासा वाटतोय."

"हे कुठे पाठ केलं होतंस?"

"कुठेच नाही."

तिने पुढचा घास घेतला. मग आणखी एक. आखडलेले खांदे केव्हा सैल झाले, तिचं तिलाच कळलं नाही.

मध्येच ती थबकली.

"पण वास नाहीच आला, फादर."

लसणाच्या एवढ्या घमघमाटात हे ऐकून टेबलाभोवतीचे सगळे खो खो हसले. तीही हसली, ठसका लागेपर्यंत.

फादरांनी भांडं तिच्याकडे सरकवलं.

"आम्हाला येतोय ना. तू जेव."