ग्रेटफुलच्या पुढचं वाक्य

खोटं वाटेल तर वाटू द्या, पण आमच्या शेंदूरवाडीच्या बायका दुपारी भांडी घासून झाली की इंग्रजी शिकायच्या. शिकवायच्या तुंगारेबाई. हा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवायला तालुक्याहून बिवलकर साहेब निघाले आणि ओढ्यात त्यांची जीप रुतली. वर्गाला निघालेल्या सात बायकांनी पदर खोचून ती अशी रेटली, की जीप ओढ्यातून तर निघालीच, पुढचा चढही चढून गेली. साहेब आत बसूनच होते. त्यांनी काच वर केली आणि निघून गेले.

बायका मागून चालत येऊन वर्गात बसताच साहेब गरजले, "'ग्रेटफुल' या शब्दापुढे काय येतं? नाही सांगता आलं, तर उद्यापासून वर्गाला कुलूप!"

तुंगारेबाईंचा चेहरा उतरला. चिखलाने माखलेल्या हौसाक्का उठल्या. "आभार माणसाचे असले तर 'टू', त्यानं केलेल्या कामाचे असले तर 'फॉर'."

"नुसतं घोकलंय! वाक्य करून दाखवा."

"आम्ही कसं करणार, साहेब? ओढ्यातनं जीप तुमची निघाली. तवा वाक्य तुमच्याच तोंडून यायला हवं. तुम्ही बोला, टू-फॉर आम्ही तपासतो."

पदराआड खसखस पिकली. साहेब लाल झाले. त्यांनी हौसाक्कांचं पूर्ण नाव विचारलं आणि आभाराचं ते वाक्य इंग्रजीत सावकाश, अगदी मनापासून म्हटलं. मग उरलेल्या सहाजणींची नावं विचारून आणखी सहा वेळा म्हटलं.

"बरोबर," हौसाक्का म्हणाल्या. "बसा आता."

साहेब बसले आणि वर्ग चालू ठेवण्याच्या कागदावर सही करूनच उठले.