सोनबा, सुभेदार आणि पांढरे ठिपके

एका गावात एक भोळा सोनबा होता. किती भोळा? शाळेत मास्तर एकदा म्हणाले, "सोनबा, खाली बस." सोनबा बसला. शाळा सुटली, पोरं घरी गेली, मास्तरांची बदली झाली. सोनबा बसलेलाच. नवे मास्तर आले आणि म्हणाले, "ऊठ रे, कोण तू?" तेव्हा कुठे तो उठला.

त्याच गावात दाजिबाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे थोडी बाकडी, एक भट्टी आणि गल्ल्याशेजारी काचेची पेटी. पेटीत रंगीत मासे. त्यातला सगळ्यात मोठा मासा सोनेरी, पोट सुटलेला, गाल फुगवून फिरणारा. त्याला सगळा गाव सुभेदार म्हणायचा. लोक चहा प्यायला कमी आणि सुभेदाराला बघायला जास्त येत.

दाजिबाला एक मुलगी होती, गोजरा. सोनबाला गोजरा आवडायची. गोजरालाही सोनबा आवडायचा, कारण तो कधी खोटं बोलत नसे. खोटं बोलायला काय लागतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं.

सोनबाने मागणी घातली. दाजिबाला नाही म्हणायचं होतं, पण तोंडावर म्हणवेना. तो म्हणाला, "मी बहिणीकडे लग्नाला निघालोय. मी येईपर्यंत हॉटेल बघ आणि मासे सांभाळ. आल्यावर सुभेदार जिवंत दिसला तर पोरगी तुझी. नाहीतर या हॉटेलची पायरी पुन्हा चढायची नाही."

मग तो गोजराकडे वळला. "आणि तू पेटीला बोट लावायचं नाहीस. घे शपथ."

"नाही लावणार बोट. तोंड चालवलं तर चालेल?"

"ते कुणाच्या बापाला थांबवता आलंय?" बाप म्हणाला.

निघता निघता त्याने सोनबाला बजावलं, "डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव."

"बरं मामा. चुकायचा नाही."

दाजिबाची एसटी वळणाआड गेली. सोनबाने भजी तळायचं तेल घेतलं, गार होऊ दिलं आणि दोन्ही डोळ्यांत घातलं. मग पेटीसमोर मांडी घालून बसला. पुढचं त्याला काही दिसलं नाही.

गोजरा आली. तिने वाकून काचेतून पाहिलं. सुभेदाराच्या अंगावर, कल्ल्यांवर, शेपटीवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके. तो दगडाला अंग घासत होता.

"सोनबा, अरे, एवढे ठिपके आलेत, तुला दिसत नाहीत?"

"डोळ्यांत तेल आहे. कसे दिसणार?"

"तेल बिल काही घालायचं नसतं रे. नुसतं बघायचं असतं."

"बरं. आता चुकायचा नाही."

गोजराने त्याला समजावलं. हा बारीक किडा असतो. माशाच्या कातडीत घुसून बसतो. पोट भरलं की गळून पडतो, खाली वाळूत त्याची खंडीभर पिल्लं होतात आणि ती पुन्हा माशाला धरतात. "म्हणून नुसता मासा बरा करून भागत नाही. पाणी बरं करावं लागतं. मासा ओरडत नाही, म्हणून त्याला त्रास होत नाही असं नाही सोनबा. आता खडेमीठ घे."

सोनबाने मीठ घेतलं. बरणी पेटीसमोर ठेवली आणि मिठाकडे टक लावून बघत बसला. सकाळ गेली, दुपार गेली.

"मीठ घातलंस?" गोजराने विचारलं.

"घालायचं नसतं. नुसतं बघायचं असतं. तूच म्हणालीस."

"बघून कुणाला गुण येतो का? पाण्यात घाल, पाण्यात."

"बरं. आता चुकायचा नाही."

आता हॉटेलात पाणी पुष्कळ. सोनबाने माठात मीठ घातलं, हंड्यात घातलं, चहाच्या आधणात घातलं. तात्या सुतार रोजच्यासारखे आले, चहाचा घोट घेतला आणि तो घोट समोरच्या भिंतीवर गेला.

"सोनबा, हा चहा आहे का समुद्र?"

गोजरा धावत आली. "अरे, सगळ्या पाण्यात नाही. जो आजारी असेल, त्याच्याच पाण्यात."

"बरं. आता चुकायचा नाही." सोनबाने माशांच्या पेटीत मीठ घातलं, अगदी गोजराने सांगितलं तेवढंच. गोजराला जरा बरं वाटलं. तेवढ्यात चहाच्या धसक्याने तात्यांना ठसका लागला.

"पाणी," तात्या म्हणाले.

"आजारी आहात का?"

"दिसत नाही का?"

सोनबाने त्यांच्या पेल्यात मूठभर मीठ घातलं. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चहाचे पैसे परत मागितले.

दुसऱ्या दिवशी सुभेदार तळाशी टेकला. कल्ले जोरजोरात हलत होते. गोजरा म्हणाली, "याला वेगळा ठेव. बाकीचे मासे त्याला टोचतायत."

सोनबाने सुभेदाराला वेगळा ठेवला. पितळी तांब्यात, बाकड्यावर. तात्यांनी चूळ भरायला तांब्या उचलला आणि सुभेदाराशी त्यांची नजरानजर झाली. दोघांनीही तोंड उघडलं. कुणालाच बोलता येईना.

"तांब्यात नाही रे," गोजराने कपाळाला हात लावला. "मागच्या हौदात. पाणी कोमट कर, हळूहळू, बाळाला आंघोळ घालतो तसं. मीठ घाल. वर पांघरूण घाल, ऊब टिकेल."

सोनबाने सगळं केलं. पांघरूण म्हणून स्वतःची गोधडी अंथरली आणि हौदाला हळू आवाजात अंगाई म्हटली. ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग गोजरा म्हणाली, "पेटीतलं थोडं पाणी बदल."

सोनबाने पेटीतलं पाणी बादलीत काढलं, बादलीतलं कळशीत ओतलं, कळशीतलं घागरीत आणि घागरीतलं परत पेटीत.

"बदललंस?"

"किती वेळा तरी. हात दुखले."

गोजराने मग बदल म्हणजे काय ते सांगितलं. जुनं ओतून द्यायचं, नवं तसंच कोमट करून घालायचं. शिवाय सांगितलं, "आणि खाणं बेताने टाक. जास्त टाकलं की उरलेलं कुजतं, पाणी खराब होतं."

"बरं. आता चुकायचा नाही."

त्या दिवशी तात्यांनी भज्यांची प्लेट मागवली. सोनबाने एक भजं तोडून त्याचा चुरा केला आणि चिमटीने तात्यांच्या पुढ्यात भुरभुरवला. मग वाकून बघत राहिला, ते वर येऊन खातात का.

एव्हाना सोनबा दर घटकेला गोजराच्या दारात उभा राहायचा. "एका ठिपक्याला काय करू? अर्ध्या ठिपक्याला काय करू?" गोजरा भाकरी थापत होती. तव्यावरची करपली आणि तीही करपली.

"हे बघ सोनबा. ज्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसतील त्याला उचल, हौदात घाल, कोमट पाणी, मीठ, वर पांघरूण. मला विचारू नकोस. कुणालाच विचारू नकोस. वेळ घालवलास तर जीव जाईल."

"बरं. आता चुकायचा नाही."

आणि खरंच, तो चुकला नाही. रोज पाणी कोमट, रोज गोधडी, रोज अंगाई. एका सकाळी गोधडी उचलली तर सुभेदार हौदात गाल फुगवून फेऱ्या मारत होता. अंगावर एक ठिपका नाही. गोजराने हौदाच्या कडेला बसून डोळे पुसले. सोनबाने तिला सांगितलं, "डोळ्यांत काही घालायचं नसतं."

दाजिबा परत आला. त्याने पेटीत परत आलेल्या सुभेदाराला उजव्या बाजूने पाहिलं, डाव्या बाजूने पाहिलं. सुभेदाराने त्याच्याकडे पाठ फिरवली. दाजिबाने सुस्कारा टाकला. "शब्द दिलाय. पोरगी दिली."

लग्न हॉटेलसमोरच्या मांडवात ठरलं. गाव लोटला. जिलेब्या निघाल्या. आचाऱ्याने भांड्यांसाठी मागच्या हौदात कोमट पाणी सोडून ठेवलं. घाई इतकी, की अक्षतांना कुंकू लावायचं दाजिबाच्या ध्यानातून गेलं. तांदूळ तसे पांढरेच लोकांच्या हातात दिले.

सोनबा पाटावर उभा. समोर अंतरपाट. पलीकडे गोजरा, नुकती न्हालेली, केस ओले, गालांवर हळद ओली. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. दर कडव्याच्या शेवटी ते म्हणत, "सावधान."

सोनबा सावध झाला. कशापासून, ते त्याला कळेना. पण एवढा शिकलेला माणूस पुन्हा पुन्हा सांगतो, म्हणजे काहीतरी असणार. त्याने डोळे ताणून समोर लक्ष ठेवलं. तेल न घालता.

शेवटचं सावधान झालं. वाजंत्री वाजली. अंतरपाट दूर झाला.

गोजराच्या केसांत पांढरे ठिपके. कपाळावर ठिपके. गालांवर ठिपके. खांद्यावर, हातावर, सगळीकडे.

सोनबाने कुणाला विचारलं नाही. वेळ घालवला नाही. हार हातातल्या हातात राहिले आणि त्याने गोजराला उचललं, मांडवातून पळत मागे नेलं आणि हौदात घातलं. आचाऱ्याचं मिठाचं पोतं ओतलं. भटजींच्या हातून अंतरपाट ओढून घेतला आणि वर पांघरला. मग कडेला बसून अंगाई म्हणू लागला.

सगळा गाव हौदाभोवती जमला. दाजिबाच्या हातात जिलेब्यांचं ताट होतं, ते तसंच राहिलं. तात्या म्हणाले, "दाजिबा, पोरीला तांब्यात नाही ठेवलं, हे नशीब समज."

अंतरपाटाखालून आवाज आला. "अहो."

सोनबाने मागे वळून पाहिलं. अहो कोण, ते त्याला कळेना.

"अहो, तुम्हालाच. लग्न लागलं का?"

"लागलं."

"मग आत या. तुमच्याही अंगावर ठिपके आहेत."

सोनबाने स्वतःकडे पाहिलं. खरंच होतं. तो मुंडावळ्यांसकट हौदात शिरला. अंतरपाट पुन्हा नीट झाला. आत कुणीतरी खुदकन हसलं.

दाजिबा ताट घेऊन पुढे आला. त्याने अंतरपाटाची कड उचलली आणि जिलेब्या पुढे केल्या. पाण्यातून सोनबाचं डोकं वर आलं.

"मामा," तो म्हणाला, "खाणं बेताने टाका. उरलेलं कुजतं, पाणी खराब होतं."