हातातली बकरी

“…म्हणजे खेळाचे नियम फोनातच ठेवायचे की सर्व्हरवर? एवढंच सांगा, सर. मग मी निघतो.”

श्रीरंगने मांडीवरचा लॅपटॉप सरांच्या पुढ्यात सरकवला.

सर म्हणजे निरंजन गोसावी. एके काळी पुण्यात बटणांच्या फोनवरचे खेळ बनवायचे, आणि श्रीरंग त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पुढे सगळं आवरून ते गोदेकाठच्या या महादेवाच्या देवळात येऊन राहिले. गावची माणसं त्यांना महाराज म्हणत, पाया पडत. सर म्हणत, “अहो, मी जन्मभर फोनात बैलगाड्या पळवल्या, त्याही खोट्या.” तरी लोक पेढे ठेवून जातच.

श्रीरंग आणि त्याची भागीदार जुई मोबाइलवर वाघ-बकरीचा खेळ करायला निघाले होते. खेळ जुनाच. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघाने बकरीवरून उडी मारून तिला खायचं, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. जुईची चित्रं दिवाळीतच काढून झालेली. वाघाच्या मिशासुद्धा हलत होत्या. गाडं अडलं होतं ते श्रीरंगच्या आराखड्यापाशी.

घर बांधायच्या आधी चूल कुठे, न्हाणी कुठे, जिना कुठून, हे ठरवावं लागतं ना, तसंच खेळाचंही असतं. एकदा भिंती उठल्या की न्हाणी हलवणं जिवावर येतं. श्रीरंगला हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून तो भिंतीच उठवत नव्हता. आज एक आराखडा काढायचा, उद्या त्यातली खोट शोधून दुसरा काढायचा.

आणि जुईला बंगळूरहून नोकरीचं बोलावणं आलेलं. संध्याकाळपर्यंत तिला उत्तर द्यायचं होतं. सकाळी ती म्हणाली होती, आज पुन्हा ‘बघू’ म्हणालास तर मी तिकडे हो म्हणते. रागावून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती दमून म्हणाली होती. जुई गेली की खेळ गेला, म्हणून तो मिळेल ती एसटी धरून इथवर आला होता.

सरांनी एकेक आराखडा सावकाश पाहिला. चौकोन, बाण, पुन्हा चौकोन.

“हे एवढं सगळं कशाला?”

श्रीरंग सरसावला. सर्व्हर म्हणजे ते दूरचं यंत्र, ज्याला सगळ्यांचे फोन विचारून चालतील, ते का हवं ते त्याने समजावलं. एकदम लाखभर माणसं आली तर काय. उद्या वाघाच्या जागी सिंह आणावा वाटला तर काय. मोठमोठ्या कंपन्या काय करतात, तेही ऐकवलं. ऐकवताना आवाज थोडा चढलाच. तुमच्या बटणांच्या काळात हे नव्हतं, सर, असंही बोलून गेला.

“आणि नियम फोनातच ठेवले तर लोक लबाडी करतील,” तो म्हणाला.

“किती जण खेळतात सध्या?”

“अजून… कुणीच नाही.”

“मग लबाडी कोण करतंय?”

श्रीरंगने लॅपटॉपवरचा पुढचा आराखडा उघडला.

“बरं, तू स्वतः किती खेळलास?”

“आराखडा ठरल्याशिवाय कसा खेळणार, सर?”

सर उठले. सभामंडपाच्या फरशीवर कुणीतरी फार पूर्वी वाघ-बकरीचा पट कोरलेला होता, रेघा झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यांनी तो उपरण्याने झटकला, आपले वाघ म्हणून खडे मांडले आणि मूठभर चिंचोके श्रीरंगच्या हातावर ठेवले.

“बकऱ्या तुझ्या.”

या खेळाची एक रीत आहे. बकऱ्या एकेक करून पटावर आणायच्या, आणि सगळ्या आल्याशिवाय ठेवलेली एकही जागची हलवायची नाही. बसली ती बसली.

पहिल्या काही श्रीरंगने भराभर कडेला बसवल्या. मग एक चिंचोका हातात घेतला आणि थबकला.

इथे ठेवावी, तर डावीकडून उडी. तिथे ठेवावी, तर मागची जागा मोकळी… हात पटावर जाई आणि परत येई. एक बाई आली, पिंडीवर पाणी घालून, दोघांकडे बघून निघून गेली. खांबाची सावली पटाच्या अर्ध्यावर आली. सर डोळे मिटून बसलेले.

“झोपलात की काय, सर?”

“नाही. पाळी तुझी आहे.”

“कुठेही ठेवली तरी धोका दिसतोय.”

“हातातली सुखरूप आहे ना?”

“हो.”

“आणि माझा वाघ?”

श्रीरंगने पटाकडे पाहिलं. वाघ मधोमध बसलेला. चारी बाजूंच्या वाटा त्याला मोकळ्या होत्या…

हातातल्या बकरीने त्यातली एकही अडत नव्हती. मग त्याने चिंचोका वाघाच्या अगदी शेजारी ठेवला. तो उठून खांबाशी गेला आणि जुईला फोन लावला.

नियम फोनातच ठेवायचे, पण चित्रांपासून वेगळे, एका जागी, म्हणजे पुढे उचलायची वेळ आली तर उचलता येतील, असं त्याने तिला सांगितलं. दोन फोनांवरून समोरासमोर खेळणं सध्या नाही. एकाच फोनवर, दोघांनी आळीपाळीने. चार-आठ दिवसांत तुझ्या आईच्या हातात देता येईल एवढंच करू.

लाख माणसं आली तर, असं तिने विचारलं. हे त्याचंच जुनं वाक्य होतं, आणि ते तिने मुद्दाम त्याच्याच सुरात म्हटलं.

“तर एखादी भिंत पाडावी लागेल,” तो म्हणाला. “पाडू.”



“आणि हे उद्या बदलणार नाहीस?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. हे ‘बरं’ त्याच्यासाठी होतं की बंगळूरसाठी, ते काही त्याला कळलं नाही.

तो परत येऊन पटापाशी बसला.

“सर, बरोबर केलं ना मी? ती थांबेल ना?”

सरांचा हात खड्यावर टेकलेला होता. त्यांनी अजून तो उचलला नव्हता.

“तुझी खेळी झाली, श्रीरंगा. आता पाळी वाघाची.”