शिकायला कुणी आलेच नाही

एकदा एका विद्यापीठाने परदेशातील दोन विद्यापीठांशी एकाच दिवशी करार केले. एक युरोपातील एका संपन्न शहरात होते, दुसरे आफ्रिकेतील एका डोंगराळ देशात. दोन्ही करारांचा मजकूर सारखाच होता. दरवर्षी तिकडचे विद्यार्थी इकडे यावेत, इकडचे तिकडे जावेत, आणि दोघांनी एकमेकांपासून शिकावे. समारंभ थाटात झाला. शाली दिल्या गेल्या, छायाचित्रे निघाली.

या विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवणारे एक ज्येष्ठ गुरुजी होते. त्यांना सगळे आचार्य म्हणत. भोवतालच्या डोंगरउतारांवरची माती दर पावसाळ्यात ओढ्यातून वाहून जाई आणि शेते उघडी पडत. ती माती जागच्या जागी कशी राहील, हाच आचार्यांच्या आयुष्याचा विषय होता.

करार झाल्यावर आफ्रिकेतून तादेसे नावाचा तरुण त्यांच्या हाताखाली शिकायला आला. उंच, शांत, लाजरा. वसतिगृहात राहून तो बऱ्यापैकी मराठी बोलू लागला. आचार्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी वैजयंती हिच्याशी त्याची चांगली मैत्री झाली. प्रयोगशाळेत दोघे शेजारी बसत, आणि अडले की तो तिला विचारी.

एके दिवशी वर्गात मातीची धूप थांबवण्याची चर्चा चालली असता तादेसे उठून म्हणाला, "आमच्या गावात पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांध आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आमच्या पूर्वजांनी रचलेले. पाऊस कोसळतो, पण माती हलत नाही. आमचे सर सगळा जन्म त्यावरच काम करताहेत."

वर्गाने कौतुकाने ऐकले. कुणीतरी "वा!" म्हटले. मग परीक्षेला काय येणार यावर बोलणे वळले.

तास संपल्यावर तादेसेने वैजयंतीला विचारले, "तुमच्यातलं कुणी आमच्याकडे येणार का? आमचे सर पत्रांतून सारखे विचारतात."

"पुढच्या वर्षी मीच येते," वैजयंती म्हणाली. ती मनापासूनच म्हणाली होती.

पुढच्या वर्षी आचार्यांनी खरोखरच तिचे नाव सुचवले. तिने घरी सांगितले तेव्हा वडील बुचकळ्यात पडले. "तिकडे जाऊन तू शिकणार काय? शिकायला ते आपल्याकडे येतात ना? आणि लोकांनी विचारलं, मुलगी कुठं गेली, तर काय सांगू?" त्याच सुमारास युरोपच्या जागेसाठी तिची निवड झाली. ती आचार्यांना भेटायला आली, तेव्हा तिला नजर वर करवेना.

"जा," आचार्य म्हणाले. "चांगली संधी आहे."

त्यांनी आग्रह केला नाही. त्या वर्षी आफ्रिकेची जागा रिकामी राहिली, आणि पुढेही राहिली. तादेसे पदवी घेऊन मायदेशी परतला. त्याच्या मागून तिकडचे आणखी विद्यार्थी येत राहिले, शिकून जात राहिले. इकडून कुणीच गेले नाही.

वर्षे लोटली. वैजयंती त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाली आणि परदेशांशी चालणाऱ्या सर्व व्यवहारांची जबाबदारी तिच्याकडे आली. युरोपच्या कराराचे नूतनीकरण जवळ आले. तिकडचे शिष्टमंडळ येणार होते, आणि निवृत्त झालेल्या आचार्यांच्या हस्ते त्यांचा सत्कार व्हावा असे ठरले. समारंभ आठवड्यावर आला असताना आचार्य वैजयंतीच्या कार्यालयात आले आणि समोरच्या खुर्चीवर बसले.

"मला आफ्रिकेला पाठव," ते म्हणाले.

"व्याख्यानाला? समारंभ झाल्यावर बघू ना, सर."

"व्याख्यानाला नव्हे. विद्यार्थी म्हणून. आपली जागा रिकामीच आहे ना तिथं? सत्र याच आठवड्यात सुरू होतंय."

वैजयंतीला हसू आले. मग ते थट्टा करत नाहीत हे तिच्या ध्यानात आले. "सर, या वयात? तिथली हवा, तिथलं खाणं... आणि पाहुण्यांना मी काय सांगू?"

"सांग, म्हातारा शाळेत गेलाय."

आचार्य गेले. समारंभात त्यांची खुर्ची दुसऱ्याला दिली गेली. कुणी म्हणाले, वयाचा परिणाम आहे. कुणी म्हणाले, पाहुण्यांचा अपमान झाला. वैजयंती दोन्हीकडची समजूत काढत राहिली आणि मनातून आचार्यांवर रागावली.

सत्र संपल्यावर ते परतले. वाळले होते, उन्हाने रापले होते, आणि तळहातांना घट्टे पडले होते. वैजयंती त्यांच्या घरी गेली. चहा झाला. मग तिनेच विचारले, "सर, असं का केलंत?"

आचार्य म्हणाले, "करार झाला त्याच वर्षी त्यांनी वसतिगृहातली एक खोली आपल्या मुलांसाठी राखून ठेवली. दोन खाटा, दोन मेजं. तादेसेचे सर प्रत्येक सत्राच्या आधी ती झाडून घेत. तादेसे परत गेल्यावर त्याच्याकडून ते मराठी शिकले. दोन-चार वाक्यंच. 'या, बसा', 'प्रवास कसा झाला?' अशी. आलेल्या मुलांना परकं वाटू नये म्हणून. मी पोचलो त्याच्या आदल्या वर्षी ते वारले. त्यांची ती वाक्यं ऐकायला आपल्यातलं कुणी गेलंच नाही, वैजयंती."

तिने रिकामा कप खाली ठेवला.

"तादेसे तिथं शिकवतो आता. त्यानं मला ती खोली उघडून दिली. रोज बांधावर घेऊन जाई. दगड कसा पारखायचा, कुठल्या कलानं बसवायचा, ते मी तरुण मुलांबरोबर बसून शिकलो. जेवढं त्याला येतं तेवढं. सरांना जे येत होतं, त्यातलं पुष्कळ त्यांच्याबरोबर गेलं. इकडं आपली माती ओढ्याला जात होती, आणि तिकडं ते शिकणाऱ्याची वाट पाहत होते."

"मी जायला हवं होतं," वैजयंती हळूच म्हणाली.

"मी आग्रह करायला हवा होता. आपण त्यांच्या मुलांना शिकवलं, आणि तेवढ्यावर समाधान मानलं. शिकवणं म्हणजेच देणं, असं आपण धरून चाललो. पण एखाद्याच्या दारी जाऊन 'मला शिकवा' म्हणणं, हा त्याला दिलेला केवढा मोठा मान असतो! तो आपण त्यांना कधी दिला नाही. कुणी वाईट वागलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. आपण फक्त गेलो नाही."

मग ते म्हणाले, "तादेसेनं तक्रारीचा एक शब्द काढला नाही. पहिल्याच दिवशी एवढंच विचारलं, 'वैजयंती कशी आहे? ती येणार होती.'"

वैजयंतीने पदर डोळ्यांना लावला. काही वेळाने ती म्हणाली, "सर, यंदा मी मुलं पाठवते. मी स्वतः निवडते. वाटल्यास मीही जाते."

आचार्यांनी नकारार्थी मान हलवली. "करार संपला. त्यांनी पुढं चालू ठेवला नाही, तसं पत्र तुला येईलच. रागानं नव्हे. त्यांच्या मुलांना जागा पुरत नाही, खोली हवी होती. निघताना खोलीची किल्ली मीच त्यांच्या हाती दिली."

त्या उन्हाळ्यात वैजयंती रजा काढून एकटीच गेली. ना करार होता, ना सत्कार. तादेसे तिला घ्यायला आला. त्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते. त्याने घरी आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या मऊ भाकरीवर भाजी वाढली, बायकोमुलांची ओळख करून दिली, आणि दुसऱ्या दिवशी तिला डोंगरावर नेले. उतारभर बांध होते, पायऱ्यांसारखे, एकावर एक. तिने वाकून दगडांच्या फटीत बोटे घातली. पलीकडची माती ओलसर आणि काळी होती.

तिने विचारत जावे, त्याने सांगत जावे, असा सारा दिवस गेला. उन्हे कलली तेव्हा ती एका जुन्या बांधापाशी थांबली. मध्यावर तो पोटासारखा किंचित बाहेर फुगलेला होता. कितीतरी पावसाळे सोसून तो उभा होता, आणि तसा का रचला असेल ते तिला कळेना.

"हा असा का?" तिने विचारले.

तादेसेने दगडावर हात ठेवला. "हे सरांना ठाऊक होतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुम्ही आलात की ते सगळ्यांना एकदमच सांगतील. म्हणून मीही विचारायचा राहिलो."

दोघे त्या बांधावर बसून राहिले. खाली दरीत गुरे घराकडे वळली होती.