बिडाचा तवा आणि पहिलं पान

“...पण बुवा, तो शहरातला कालचा पोरगा पहिल्या पानावर, आणि मी मागं का?”

दिगंबर ओतारी मठाची पायरी चढता चढताच विचारत होता. एक चप्पल पायात, एक हातात.

कोंडझरीचे बुवा अंगणात शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला.

“कसलं पान?”

“मोबाइलमधलं! लोक ‘बिडाचा तवा’ असं लिहून शोधतात. दुकानांची यादी येते. पहिल्या पानावर जो, त्याचा माल खपतो. मागच्या पानांवर कोण जातंय? स्मशानात तरी चार माणसं जमतात, बुवा. तिकडं कुत्रंही फिरकत नाही!”

दिगंबर उगाच तडफडत नव्हता. ओताऱ्यांचा तवा म्हणजे घाटाखाली-घाटावर नाव. त्याच्या आज्यानं ओतलेल्या तव्यावर म्हणे भाकरीची नुसती सावली पडली तरी ती टम्म फुगायची. आता तेच तवे गोदामात छताला टेकले होते आणि भट्टी थंड पडली होती. थंड भट्टीची पूजा करायची नाही, हा ओताऱ्यांच्या घराचा नेम. खंडेनवमीच्या आत ती पेटली नाही, तर कायमची विझली. मेहुणा फीत घेऊन शेड मोजूनही गेला होता. त्याला तिथं लग्नाचं लॉन काढायचं होतं.

“बरं,” बुवा म्हणाले. “तू काय काय केलंस?”

दिगंबरची छाती फुगली.

“काय नाही केलं ते विचारा! वेबसाइट काढली. तिच्यावर ‘तवा’ हा शब्द एवढ्यांदा घातला, एवढ्यांदा घातला, की वाचणाऱ्याच्या डोळ्याला चटका बसावा. उत्तम तवा, अत्युत्तम तवा, तव्यांत तवा ओतारी तवा! शिवाय यादीत वर चढता येतं म्हणून एका एजंटाकडून दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपल्या शिफारशी लावून घेतल्या.”

“कुणाच्या?”

दिगंबर जरा चाचरला.

“एक... मांजरांच्या जंतांच्या औषधाची आहे. एक टक्कल घालवणाऱ्याची. तिथं खाली लिहिलंय, उत्तम तवा येथे मिळेल.”

“मग? टकलांनी घेतले का तवे?”

“चेष्टा नको, बुवा! होतो त्याच्याही मागं गेलो. आता एकच मंत्र द्या. पहिल्या पानावर यायचं कसं?”

बुवांनी आणखी एक शेंग उचलली... आणि गप्प बसले.

कोंडझरीच्या मठाचा एक रिवाज आहे. प्रश्न घेऊन येणाऱ्यानं आधी दुसऱ्या कुणाचा तरी प्रश्न सोडवायचा. तोवर बुवा तोंड उघडत नाहीत. एकदा एक वकील इथं आला, त्याला कुणी प्रश्नच विचारेना, तर तो आठ दिवस अंगण झाडत बसला होता म्हणतात.

दिगंबरला हे ठाऊक होतं. तो चरफडत ओट्यावर टेकला.

तेवढ्यात शेवंताबाई आली. मठाच्या मागच्या वाडीतली, रागानं लालबुंद, हातात काळाकरडा तवा.

“बुवा, हा तवा तुमच्या विहिरीत टाकते! सासूबाईंच्या वेळचा, पण घावन नुसतं चिकटतंय. काल पाहुण्यांना उलथन्यानं खरवडून वाढलं. लाज गेली माझी. उद्या बाजारातनं तो न चिकटणारा आणते.”

बुवांनी हनुवटीनंच दिगंबरकडे खूण केली.

“मी?” दिगंबर म्हणाला. “मी तवे विकतो, बाई. घावनं घालत नाही.”

“मग राहू दे. घासून तरी बघते परत,” म्हणत शेवंताबाईनं कमरेचा काथ्या काढला, पावडर टाकली आणि खसाखसा तवा घासायला घेतला.

दिगंबर ओट्यावरून असा उडाला, की बुवांच्या शेंगा उधळल्या.

“अहो ताई! घासताय काय? सालटं काढताय त्याची! रोज असंच घासता?”

“लख्ख नको का?”

“लख्ख? अहो, तवा म्हणजे काय आरसा आहे? चूल कुठाय? आणा, आणा इकडं!”

त्यानं बाह्या सारल्या. तवा धुतला, पुसून कोरडा केला, मठाच्या चुलीवर चढवला. नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावर फिरवली. तवा धुरावला, उतरवला, पुसला. पुन्हा तेल, पुन्हा धूर. तोंडाचा पट्टा सुरूच.

“नवा असो का जुना, बिडाच्या अंगात तेल मुरवावं लागतं. साबण कमी. जाळ मोठा नको. ओला ठेवला की गंजलाच समजा. आणि चिंचेचं सार ह्याच्यात उकळाल तर मी स्वतः येऊन भांडेन!”

शेवंताबाईनं पीठ आणलं. पहिलं घावन घातलं. तिघंही तव्यावर वाकले.

घावनानं आपणहून कडा सोडल्या. जाळीदार, पांढरंशुभ्र. उलथनं लावायच्या आतच ते तव्यावर घसरलं.

“अगं बाई!” शेवंताबाई ओरडली. “अगं, बघा गं!”

मग काय विचारता! वास पसरला तशी वाडी लोटली. कुणी गंजलेली कढई आणली, कुणी अप्प्यांचं पात्र. कुणी विचारलं, गॅसवर चालेल का? कुणी म्हणालं, जड का असतो एवढा? दिगंबर सांगतोय, दाखवतोय, घाम पुसतोय. घसा बसला, पण डोळ्यांत भट्टी पेटलेली. आपण काय विचारायला आलो होतो तेच तो विसरून गेला.

“भाऊ,” शेवंताबाई म्हणाली, “हे सगळं कुठं लिहिलेलं आहे का? ठाण्याच्या सुनेला पाठवते.”

“आहे की, माझी वेब...”

दिगंबरनं मोबाइल काढला. शेवंताबाईनं वाचलं.

“उत्तम तवा... अत्युत्तम तवा... तव्यांत तवा...” तिनं मान वर केली. “ह्यात चिकटू नये म्हणून काय करायचं, ते कुठाय?”

दिगंबरनं बोटानं पान वर सरकवलं, खाली सरकवलं. नुसता तवाच तवा.



“बुवा!” तो एकदम किंचाळला. “कळलं! लोक ‘अत्युत्तम’ कशाला शोधतील? घावन चिकटतंय म्हणून शोधतील! गंज चढला म्हणून शोधतील! हे सगळं लिहून काढतो, तव्याचे फोटो घालतो, त्या मांजरवाल्याला रामराम ठोकतो, आणि...”

आणि तो थबकला. चेहरा उतरला.

“पण बुवा, हे लिहिलं तर सगळे आपापला जुनाच तवा ताळ्यावर आणतील. ह्या ताईंनी आणला तसा. मग माझे कोण घेणार? माझ्याच हातानं गिऱ्हाईक घालवू?”

बुवा उठले. शेवंताबाईच्या तव्याकडे बोट करून म्हणाले, “शेवंते, हा मला देतेस? मठाला लागेल.”

शेवंताबाईनं गरम तवा पदरासकट छातीशी धरला.

“काहीतरीच काय, बुवा! हा मी आता देवाला देत नाही!” मग दिगंबरकडे वळली. “भाऊ, बुवांना एक पाठवा. ठाण्याच्या सुनेला एक. माझ्या दोन्ही जावा इथंच उभ्या आहेत, त्या माझा मागायच्या आत त्यांनाही द्या.”

दिगंबरनं बुवांकडे बघितलं. बुवा घावन खात होते.

त्या दिवशी तो चप्पल हातात घेऊनच घाट उतरला, अनवाणी, पळत.

पुढं काय झालं ते अख्ख्या घाटाला ठाऊक आहे. दिगंबरनं लिहिलेलं पहिलंच वाक्य होतं : ‘थांबा, तवा घासू नका!’ कुणी वाचलं, कुणी बहिणीला धाडलं, कुणी स्वयंपाकाच्या आपल्या पानावर लावलं, तेही फुकट. नागपूरहून विचारणा आल्या, बेळगावहून आल्या. गोदामाचं छत पुन्हा दिसू लागलं. मेहुण्यानं फीत गुंडाळली. खंडेनवमीला ओताऱ्यांनी धगधगत्या भट्टीला हळदकुंकू वाहिलं, आणि जाळ एवढा की पुजारी म्हणे नारळ लांबूनच फेकून मोकळा झाला.

दसऱ्याच्या सकाळी दिगंबर सोनं घेऊन मठात आला. पाया पडला, पण नजर मोबाइलवर.

“बुवा, पहिल्या पानावर आलो! परवा सातवा होतो, काल तिसरा, आज दुसरा! वर आता तो एकटा पोरगा उरलाय. एवढं सांगा बुवा, पहिला कधी होणार?”

अंगणात नैवेद्याची पानं वाढली जात होती. शेवंताबाई वरणाचं भांडं घेऊन ओळीतून वाकत वाकत चालली होती.

बुवांनी तिच्याकडे बोट केलं.

“दिगंबर,” ते म्हणाले, “पंगतीत वाढपी कितवा बसतो रे?”