कुकीवरचा अंगठा

एकदा एका डोंगरी गावात एक वृद्ध बेकरीवाला राहत असे. हात थकले तेव्हा त्याने आपली विटांची भट्टी शिष्याच्या स्वाधीन केली आणि स्वतः शेजारच्या खोलीत राहू लागला. शिष्य पोक्त, संसारी आणि कामात काटेकोर होता. चॉकलेटचे तुकडे, काळ्या मनुका, जर्दाळू आणि भरडलेले अक्रोड घालून तो ज्या घरगुती कुकीज करी, त्यांची कीर्ती पंचक्रोशीत होती.

त्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. पीठ मळून गोळे करायचे ते त्याने, आणि प्रत्येक गोळ्यावर अंगठा दाबायचा तो त्याच्या पत्नीने, कुंदाने. गोळा दाबला नाही तर कडा करपतात आणि मध्यभाग कच्चा राहतो. कुंदाचा अंगठा लहानपणी दारात चेंगरून वाकडा झाला होता, म्हणून तिचा ठसा एका बाजूला कललेला उमटे.

श्रावण सरता सरता कुंदा तापाने गेली. तेरावे झाल्यावर शिष्याने पुन्हा पीठ मळले. इतक्या वर्षांच्या सवयीने आपल्या वाटचे काम केले आणि न दाबलेले गोळे तसेच भट्टीत सरकवले. ट्रे बाहेर आला तेव्हा प्रत्येक कुकीवर एक लहान, कललेला ठसा होता.

तो घाबरला नाही. घाबरायला हवे होते. पण दुःखातला माणूस भुताचीही वाट पाहतो. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दामच गोळे दाबले नाहीत. पुन्हा ठसे उमटले. मग त्याला तोच नाद लागला. दिवसाला चार-चार घाणे काढी, पण कुणाला एक कुकी खाऊ देईना. डबे भरून फळ्यांवर रचले, फळ्या संपल्या तेव्हा तिच्या अंथरुणावर. त्याचे स्वतःचे जेवणही सुटले. शेजारी म्हाताऱ्याकडे येऊन म्हणाले, "आबा, हा काही वाचत नाही. तुम्ही तरी समजवा."

एका सकाळी वृद्ध भट्टीपाशी आला. शिष्याने उत्साहाने ट्रे पुढे केला. "आबा, हे बघा. कुंदा येते. रोज येते!"

वृद्धाने ठसे निरखले. मग त्याने आपला उघडा हात पेटत्या भट्टीच्या तोंडात घातला आणि आतच धरून ठेवला.

शिष्याने किंचाळत तो हात बाहेर ओढला. बोटे लालभडक झाली होती. "वेड लागलं का आबा तुम्हाला?"

"ट्रे आत घातलास तेव्हा ठसे होते?" वृद्धाने शांतपणे विचारले.

"नव्हते."

"बाहेर काढलास तेव्हा?"

"होते."

"मग ते उमटले कुठे?"

शिष्याने भट्टीच्या तोंडाकडे पाहिले.

"माझा हात क्षणभर आत होता, तर तुझ्याच्यानं बघवलं नाही. ती दिवसातून चार वेळा हात घालते. अरे, ती तुला भेटायला येत नाही. तू कच्चं आत ढकलतोस, ते बघून तिला राहवत नाही. तिच्या वाटचं काम तू अजून तिच्याच अंगावर टाकतो आहेस."

शिष्याने पहिल्या दिवसाचा डबा उघडला. त्यातले ठसे स्वच्छ होते. आजच्या ठशांच्या कडा भाजल्यासारख्या काळ्या होत्या. त्याला वाटले होते, चॉकलेट वितळले असेल.

"मी दाबले, तर ती येणार नाही," तो पुटपुटला.

"नाही येणार," वृद्ध म्हणाला. त्याने खोटा धीर दिला नाही.

शिष्याने पीठ मळले. एकेक गोळा दाबत गेला. शेवटच्या गोळ्यावर त्याचा अंगठा थबकला. एवढा एकच तसाच ठेवावा, एकदाच, असे त्याला फार वाटले. भट्टीतून धग येत होती. त्याने डोळे मिटले आणि अंगठा टेकवला.

ट्रे बाहेर आला. सगळ्या कुकीजवर त्याचेच रुंद, सरळ ठसे होते. दुसरे काहीही नव्हते. तो लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला.

वृद्धाने त्याला रडू दिले. मग न भाजलेला हात पुढे करून म्हणाला, "एक दे. गरम आहे तोवर."

शिष्याने कुकी मोडून अर्धी त्याला दिली आणि अर्धी, कित्येक दिवसांनी, स्वतः खाल्ली. ती मध्यापर्यंत नीट भाजली होती.