कुवलयेनं दिलेलं बिरूद

पाय घ्या पांघरुणात, आणि मधे मधे बोलायचं नाही. तर एक होता राजा, सोमकेतू. त्याच्या दरबारात होती एक कवयित्री, कुवलया. हो, बाईच! बायकांनी काय नुसत्या भाकऱ्याच थापायच्या?

राजानं पराक्रम केला की त्याला बिरूद मिळायचं, म्हणजे मोठं मानाचं नाव. ते कुवलया भर दरबारात गायची. पण रीत अशी, बरं का, की आधी एका साक्षीदारानं उठून सांगायचं, "होय, मी डोळ्यांनी पाहिलं." मगच ते नाव वेशीवरच्या दगडात कोरायचं.

पहिलं बिरूद 'नगररक्षक'. वेशीवरचा पहारेकरी उठला. मग दुसरं, 'गजस्वामी'. म्हातारा माहूत उठला. मग राजा म्हणाला, "आता 'अजिंक्य' गा."

कोण उठणार? सगळे खाली मान घालून बसले.

राजा म्हणाला, "कुवलये, साक्षीदार राहू दे. तू गा. नाहीतर तुझं आसन आजपासून दुसऱ्याला."

आता आली का पंचाईत! त्या आसनावर तिचे वडील बसले होते, आजोबा बसले होते. पण खोटं गायचं? छे! मग ती उठून म्हणाली, "महाराज, आपण हरला होतात. पूर्णेकाठच्या लढाईत जिंकता जिंकता माघारी फिरलात."

अगं बाई! राजा काळाठिक्कर पडला. सात वर्षं त्या माघारीचं कुणी नाव काढलं नव्हतं.

"पण का फिरलात तेही मी सांगणार," कुवलया म्हणाली. "आपल्याच गावांत पूर शिरला होता. आपण लढाईतले हत्ती पाण्यात घातलेत, माणसं काढलीत. मी गाणार 'प्रजेसाठी परतलेला'. आहे कुणी साक्षीला?"

एक कुंभारीण उठली. "होय, मी पाहिलं. लेकरासकट मला हत्तीवर घेतलं." मग एक कोळी उठला. मग अख्खा दरबार उठला की रे!

राजाचे डोळे भरून आले. म्हणाला, "ज्या माघारीची मी इतकी वर्षं लाज बाळगली, तिचा आज मला अभिमान वाटतोय. हेच कोरा, सगळ्यांच्या वर." कुवलया ताठ मानेनं आपल्या आसनावर बसली. पुढं तिची लेकही तिथंच बसली.

'अजिंक्य' राजे काय, पैशाला पासरी! असा राजा मात्र एकच झाला, आणि त्याला तोंडावर खरं सांगणारी आपली कुवलया. सगळे सुखात नांदले. आता तुम्हीही डोळे मिटा पाहू.